नळीतून उजेड दिसला पाहिजे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीनं बंदुकीवर बोलावं, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण बंदूक चालवण्याविषयी मी बोलणार नाही. रायफलच्या नळीत काही अडकलं तर ते कसं काढतात, एवढंच आज सांगायचं आहे. मला ते एका सकाळी शिकावं लागलं, कारण अडकवणारा मीच होतो.

गोष्ट १९८९ च्या डिसेंबरातली. तालुक्याच्या कॉलेजात मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एनसीसीत नाव घातलं होतं ते, खरं सांगायचं तर, परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्यासाठी. त्या कॅम्पात आम्हाला पहिल्यांदा थ्री नॉट थ्री हाताळायला मिळाली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड. वजन चार किलोच्या घरात, नळी सव्वापंचवीस इंच लांब आणि भोक मात्र करंगळीही आत जाणार नाही एवढं, ७.७ मिलिमीटर. नळीच्या आत पाच खाचा असतात, मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते.

ही नळी साफ करायला दस्त्याच्या पोटातच एक दोरी ठेवलेली असते. तिचं नाव पुलथ्रू. आम्ही पोरं ‘फुलथ्रू’ म्हणायचो. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासे. एक फासा तारेच्या जाळीसाठी, एक चिंदीसाठी. चिंदी म्हणजे चार इंच लांब, दोन इंच रुंद फलाणीचा तुकडा. बोल्ट काढायचा, मागच्या बाजूनं वजन आत सोडायचं, ते तोंडातून बाहेर आलं की दोरी एका दमात ओढायची. शेवटचा एक फासा रिकामा का, हे आमचे उस्ताद पहिल्याच दिवशी विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे, “चिंदी अडकली तर मागं वढायला. म्हणून जोर लावायचा न्हाई, थांबायचं.”

फायरिंगच्या आदल्या संध्याकाळी मी थांबलो नाही. नळी जास्त चकचकीत व्हावी म्हणून मी एकाऐवजी दोन चिंद्या घातल्या. दोरी मध्येच घट्ट झाली. मी पाय रोवून ओढली आणि ती तटकन तुटली. दोरी माझ्या हातात आली, चिंद्या आत राहिल्या. तो रिकामा फासाही त्यांच्यासोबत आत गेलेला.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. दोरीचा तुकडा खिशात घातला, बोल्ट बसवला आणि रायफल कोतमध्ये जमा केली. कोत म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली. बट नंबर सतरा. तो आकडा अजून विसरलेलो नाही.

रात्री झोप नव्हती. शिक्षेची भीती होतीच. पण दुसरी एक भीती होती, ती आजवर मी कुणाला फारशी सांगितलेली नाही. कॅम्पात दोन-अडीचशे पोरं, त्यात माझ्यासारख्या नावाची आम्ही दोघं-तिघं. त्या वर्षी देशातली हवाही तापलेली होती. मला कुणी कधी वेडंवाकडं बोललं नव्हतं, हे खरं. तरी मनात येत राहिलं, दुसऱ्याच्या हातून झालं तर चुकून झालं म्हणतील. माझ्या हातून झालं तर काय म्हणतील?

पहाटे चहाच्या लाइनीत शेजारी आमच्याच वर्गातला मित्र उभा होता. म्हणाला, “आज आपली पहिली डीटेल.” म्हणजे सकाळी पहिल्या तुकडीत तो गोळी झाडणार होता. सतरा नंबर त्याच्याच हातात येऊ शकत होती. मी मग तसाच उस्तादांकडे गेलो.

उस्ताद साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे हवालदार. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी चहाचा मग खाली ठेवला आणि एकच विचारलं, “दोरीचा तुकडा हाय का?” मी खिशातून काढून दिला. कोतमधून त्यांनी रायफल मागवली. चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची दोनदा खात्री केली. बोल्ट काढून नळी आभाळाकडे धरली आणि मला म्हणाले, “बघ.” मागून डोळा लावला. काळोख. नळीतून उजेड दिसायला हवा, तिथं नुसता काळोख.

नळी चिंध्यांत गुंडाळून लाकडी शिकंजात धरली. तोंडातून पातळ तेलाचे काही थेंब सोडले आणि ते शांत बसून राहिले. तेल मुरायला वेळ द्यावा लागतो. मग पितळी गज घेतला. पोलादी नाही, कारण पोलाद आतल्या खाचा ओरबाडतं. गज तोंडातून आत घातला, टेकला तिथं अंगठ्यानं खूण धरली, बाहेर काढून नळीवर आडवा ठेवून पाहिला. अडथळा नेमका कुठं आहे ते कळलं. चिंदी ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं मागं लोटायची. नळीच्या तोंडाची कड घासू नये म्हणून दोन बोटांच्या मध्ये गज धरून, लाकडी हातोडीचे अगदी हलके ठोके. पंधराएक मिनिटांनी तेलात भिजलेला बोळा चेंबरमधून खाली पडला.

मी मूर्खासारखं विचारलं, “उस्ताद, गोळी झाडली असती तर चिंदी उडून गेली नसती का?”

तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. ही गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगानं नळीबाहेर पडते. मागून तापलेल्या वायूचा प्रचंड रेटा असतो. वाटेत बोळा आला, गोळी क्षणभर जरी अडखळली, तरी तो सगळा दाब त्या एका जागी पोलादावर येतो. नशीब बरं असेल तर नळीला तिथं फुगवटा येतो, आत काळी कडी दिसते आणि ती नळी कायमची बाद. नशीब वाईट असेल तर नळी फाटते. चिंदी, चिखल, आधीच्या फुसक्या काडतुसाची आत राहिलेली गोळी, काहीही असो, नियम एकच. अडथळा बार काढून काढायचा नाही.

मग मी रात्रीची भीती त्यांना सांगून टाकली. ते गज पुसत होते. म्हणाले, “नळी नाव इचारत न्हाई रं. चिंदी कुणाची का आसंना, फुटंल ती गाल लावून पडलेल्या पोराच्या तोंडावर. तपासणीत सापडलं असतं म्हणा. पण तपासणारा बी माणूसच. तू सांगितलंस ते बरं केलंस.”

त्यांनी नळीवरून बोट फिरवून पाहिलं, आतून पुन्हा पाहिलं. तरीही सतरा नंबर त्या दिवशी चालवू दिली नाही, आर्मररच्या तपासणीसाठी बाजूला ठेवली. मला शिक्षा झाली. तीन दिवस सगळ्या दोऱ्या तपासायच्या आणि झिजलेल्या वेगळ्या काढायच्या. फायरिंगमध्ये माझ्या पाच गोळ्यांपैकी दोनच टार्गेटला लागल्या, हेही सांगून टाकतो.

पुढं रायफल हातात आली नाही. पण कोकणातल्या माझ्या मामूंकडे पीक राखायला परवान्याची बंदूक होती, दुनळी. रानडुकरं नाचणीत शिरायची. पावसाळाभर भिंतीला टांगलेली बंदूक एकदा मामूंनी उतरवली, मोडून उजेडाकडे धरली. एक नळी उजळ, एक काळी. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर केलं होतं. रात्री शेतात डुकरं होती, घाई होती. तरी मामूंनी ती बंदूक नेली नाही. डबे वाजवत गेले. सकाळी काठीनं माती काढली.

मंडळी, अडथळा कुणाच्याही हातून होतो, कधी माशीच्याही. तो वाईट नव्हे. वाईट असतं ते बोल्ट बसवून गप्प राहणं. त्या रात्री मी एका मित्राचा चेहरा आणि माझी अब्रू यांत अब्रूला जड मानून झोपायला निघालो होतो. आता घरात किंवा गल्लीत कुणाशी काही अडलं, आणि एकदाचा बार काढून मोकळं व्हावंसं वाटलं, की मी आधी उस्तादांसारखा थोडा वेळ बसून राहतो. आणि चूक माझी असेल, तर खिशातला दोरीचा तुकडा काढून समोर ठेवतो.