कॅमेरा आणि आम्ही उभयतां

गेल्या रविवारीं आम्हीं पतिपत्नींनीं पुण्यांतल्या पुण्यांतच एक प्रवास केला. बरोबर चिरंजिवांचा जुना कॅमेरा आणि ३६ चित्रांची फिल्म. शनिवारवाड्यापुढें माझी मास्तरकी जागी झाली : वाड्याची वास्तुशांत १७३२ सालची, १८२८ च्या आगींत आंतील इमारती जळाल्या, दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तींची धडक अडविण्यासाठीं. तेवढ्यांत ही दरवाजापुढें येऊन उभी राहिली. "जरा बाजूला हो," मी म्हणालों. फळ्यापुढून मुलांना हटविण्याची जुनी संवय, दुसरें काय !

अशीं ३५ चित्रें दगडांवर खर्ची पडलीं. दुपारीं ओंकारेश्वराच्या घाटावर शिदोरी सोडली. नदीकडे पाहत ती बराच वेळ गप्प होती. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां ती तीन वर्षांची होती. नदीकांठचें माहेर त्या पुरांत वाहून गेलें. घरांतल्या तसबिरीही गेल्या. आई पुढें लवकरच वारली.

"अहो, आई कशी दिसे, तें मला आठवत नाहीं. नातीला मी तरी दिसूं दे."

छत्तिसावें चित्र तिचें घेतलें. माझा हात किंचित् हलला असावा. चेहरा पुसट आला आहे. येत्या रविवारीं पुन्हां जाणार आहों.