पट्ट्याचं भोक

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही विश्रामबागेत राहतो. कानात आवाज येणं, शेजारी पाळत ठेवतात असं वाटणं, रात्ररात्र जागणं, हे सगळं गोळ्यांनी आटोक्यात आलं. तो पुन्हा आमच्यासोबत जेवायला बसू लागला, तेव्हा आईनं गणपतीला एकवीस मोदक केले. पुढच्या वर्षभरात त्याच्या पट्ट्याला मी दोनदा नवं भोक पाडलं. अंगी लागतंय, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो.

ओलान्झापिन, क्लोझापिन अशा औषधांनी भूक फार वाढते. भडंगाचा डबा संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायचा. वजनाबरोबर रक्तातली साखर आणि चरबीही वाढू शकते. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह अशा शरीराच्याच दुखण्यांनी होतात. २००४ साली ‘देवराई’ चित्रपट आला आणि हा आजार घराघरात बोलला जाऊ लागला. पण रुग्णाच्या कमरेचा घेर कोण मोजतो? आपल्याकडे पुरुषांत तो ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

भावानं एका दवाखान्यात सांगितलं, ‘सारखी तहान लागते, तळपाय जळतात.’ फाईलवरचं आजाराचं नाव वाचून डॉक्टरांनी मला विचारलं, ‘गोळ्या वेळेवर घेतो ना?’ बोलणं तिथंच संपलं. साखर तपासली ती चार महिन्यांनी. उपाशीपोटी २१२! मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीनं उपचार मिळावेत, असं २०१७ चा कायदा म्हणतो. तो तेव्हा मला ठाऊक नव्हता. असता तरी मी बोललो असतो का, कुणास ठाऊक.

वजन गोळ्यांनी वाढतं हे कळल्यावर भावानं त्या गुपचूप मोरीत टाकल्या. तिसऱ्या आठवड्यात आवाज परत आले. तेव्हा सांगतो, गोळी मनानं बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, औषध हळूहळू बदलता येतं, साखरेचंही देता येतं. औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी वजन, घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. विडी सोडायची तर तेही आधी सांगा. धुरामुळे ही दोन औषधं शरीरातून लवकर निघून जातात; विडी सुटली की त्यांचं रक्तातलं प्रमाण चढतं आणि डोस कमी करावा लागू शकतो.

सकाळी फिरायला चल, म्हणून मी त्याच्या मागं लागायचो, चिडायचो. एकदा तो म्हणाला, ‘दादा, रात्रीच्या गोळीची गुंगी नऊशिवाय उतरत नाही रे.’ हे मी कधी विचारलंच नव्हतं! आता आम्ही संध्याकाळी विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला जातो. वाटेत भेटणारे त्याच्यादेखत मला विचारतात, ‘आता कसा आहे?’ मी म्हणतो, ‘त्यालाच विचारा की.’

साखरेचे आकडे तो स्वतः वहीत लिहितो. पुढची तपासणी दिवाळीच्या सुमारास आहे. फराळानंतर करू, असं त्याचं म्हणणं. मी म्हणतो, आधी आणि नंतर, दोन्ही. अजून ठरलेलं नाही.