नकाशा कितपत खरा?

छापील नकाशावर विश्वास ठेवण्याची आपणां सर्वांस लहानपणापासून संवय असते. त्यांतून तो संगणकानें काढलेला असला, म्हणजे शंका घेणें हा जणूं अपराधच! परंतु जिला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात, ती स्वतः कांहींच मोजीत नाहीं. इतरांनीं मोजलेलें ती एकावर एक रचते. मूळ मोजणींतील चूक तिच्यांत नाहींशी होत नाहीं, केवळ सुबक दिसूं लागते.

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील अर्धा मिलिमीटर जाडीची ओढ्याची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद भरते. ती पडद्यावर कितीही मोठी करून पाहिली, तरी कांठाजवळची विहीर ओढ्याच्या अलीकडे कीं पलीकडे, याचा निर्णय तिच्यावरून होत नाहीं. शिवाय जुने भारतीय नकाशे १८३० सालच्या एव्हरेस्टच्या पृथ्वीमापनावर बेतलेले, तर उपग्रहांवरून मिळणारे अक्षांश-रेखांश १९८४ सालच्या जागतिक पद्धतीचे. योग्य रूपांतर न करतां दोन्ही एकत्र ठेवले, तर रस्ता शेंकडों फूट सरकून शेतांत जातो. ही चूक निदान डोळ्यांस दिसते.

दिसत नाहीं ती चूक अधिक घातक. २०११ च्या जनगणनेंत ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती. दाटी दर चौरस किलोमीटरास १,१५७ माणसें. नकाशांत साऱ्या जिल्ह्यास एकच गडद रंग! त्या रंगाखालीं कल्याण-डोंबिवलीच्या चाळी होत्या, तसेच मोखाड्याच्या डोंगरांतील पाडेही होते. दाटीच्या बाबतींत हें एक वेळ चालेल. पण बालकांच्या कुपोषणाचा निर्देशक असाच सरासरीनें रंगविला, म्हणजे शहरांतील लक्षावधि घरें डोंगरांतील थोडक्या घरांस झांकून टाकतात. वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनीं १९९२ सालीं महाराष्ट्र हादरला. तें ठिकाण ज्या जव्हार तालुक्यांत आहे, तो त्या वेळीं याच जिल्ह्यांत होता. पुढें १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशीं एकाही मुलाचें वजन वाढलें नाहीं कीं घटलें नाहीं. सरासरी मात्र दोन्हीकडची बदलली! आणि पालघरांतही वसई-विरार आलेंच. तेव्हां रंग निदान तालुकावार, साधल्यास गांववार भरला पाहिजे.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांतील (२०१५-१६) पाहणीच्या ठिकाणांचे बिंदु अभ्यासकांस मुद्दाम हलवूनच दिलेले आहेत. शहरांत २, खेड्यांत ५, क्वचित् १० किलोमीटरपर्यंत. कुटुंबांची ओळख उघड होऊं नये, हा हेतु स्तुत्यच होय. पण असा बिंदु घेऊन ‘येथून दवाखाना २.३७ किलोमीटर’ असें कोणी दशांशचिन्हासह सांगूं लागला, तर त्यास काय म्हणावें?

मी तर असा रंगीत नकाशा हातीं आला कीं प्रथम कोपऱ्यांतील बारीक अक्षरें शोधतों. मोजणी कोणत्या सालची? किती घरांची? रंग जिल्ह्याचा कीं गांवाचा? पुष्कळदां तेथें कांहींच लिहिलेलें नसतें.