स्विच बंद, तार जिवंत

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने विजेच्या तारांवर का बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. म्हणून ज्या प्रसंगाने मी या विषयाकडे वळलो, तो आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी मला एक लहान कारखाना दाखवीत होता. पंपाच्या मोटारीचा मुख्य स्विच बंद होता. तेथील वयस्क वायरमनने मोटारीच्या जोडणीपेटीचे झाकण उघडून आत टेस्टर टेकवला, तो पेटला! "पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून आत हीटर आहे, सर. मोटार थांबली की तो सुरू होतो. त्याची लाइन दुसरीकडून येते," तो शांतपणे म्हणाला. झाकणावर मात्र एक अक्षरही नव्हते. "मग नव्या माणसाला हे कळते कसे?" मी विचारले. "मी सांगतो ना!"

या उत्तरातच साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे.

अशा तारा असणे हा दोष नव्हे. दुरुस्तीच्या वेळी लागणारा दिवा, एका यंत्राला दुसऱ्याशी बांधणारे इंटरलॉक, तापमान राखणारी उपकरणे यांना मुख्य स्विच बंद असतानाही वीज लागू शकते. यंत्रांच्या विद्युत्-सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक, आय. ई. सी. ६०२०४-१, हे मान्य करते. परंतु त्याबरोबर ते अटीही घालते: मुख्य स्विचजवळ कायमचा इशारा-फलक हवा, माहितीपुस्तिकेत उल्लेख हवा, शिवाय अशा तारांजवळ फलक हवा, किंवा त्या इतरांपासून वेगळ्या ठेवाव्यात, अथवा रंगाने ओळखू याव्यात. त्यासाठी नारिंगी रंगाची शिफारस आहे.

आता अर्थशास्त्राकडे येतो. फलकाला खर्च तो किती! तरीही तो लागत नाही. कारण तो न लावल्याची किंमत मालकाला नव्हे, तर आत हात घालणाऱ्याला मोजावी लागते. पूर्वी कायम कामगारांच्या स्मरणात ही माहिती जपली जाई. जुना नव्याला सांगे. कंत्राटी पद्धतीने ती साखळी तोडली. आज या कारखान्यात आलेला मुलगा उद्या दुसरीकडे असतो. त्याला सांगणार कोण? माणसे अस्थिर करून ज्यांनी बचत साधली, त्यांच्यावरच माहिती लिहून ठेवण्याची जबाबदारी येते.

आणि ती लिहायची कोणत्या भाषेत? १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३५ व्या नियमाने धोक्याच्या सूचनेत हिंदी अथवा इंग्रजीबरोबर जिल्ह्याची स्थानिक भाषा आणि कवटी व हाडांचे चिन्हही आवश्यक मानले होते. ज्याचा हात आत जाणार, त्याला वाचता आले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. आज दुरुस्तीला येणारा मुलगा बिहारचा किंवा ओडिशाचा असू शकतो. तेव्हा नुसत्या मराठी फलकावरही आपण संतुष्ट राहता कामा नये.

एक इशारा आपल्यालाही दिला पाहिजे. फलक लागला म्हणजे मालक सुटला, असे नव्हे. अमेरिकेत १९८९ साली जाहीर झालेल्या कुलूपबंदीच्या नियमात स्पष्ट म्हटले आहे, की अडकवलेली चिठ्ठी हा केवळ इशारा असतो, प्रत्यक्ष अडसर नव्हे. म्हणून वीज येण्याच्या प्रत्येक वाटेला कुलूप आणि टेस्टने खात्री यांना पर्याय नाही. उलट, "टेस्टर लावणे कामगाराचेच काम होते," एवढे म्हणून मालकालाही हात झटकता येणार नाहीत. दुसरी लाइन कोठून येते हेच ठाऊक नसेल, तर कामगाराने कुलूप लावायचे तरी कोठे?

तेव्हा माझी विनंती साधी आहे. बोनस व महागाईभत्त्याच्या मागणीपत्रात एक कलम वाढवा: स्विच बंद झाल्यावरही जिवंत राहणाऱ्या प्रत्येक तारेची यादी कामगारांसमक्ष तयार व्हावी आणि तिच्यावर कळेल असा फलक लागावा. यादी करताना त्या वृद्ध वायरमनला बरोबर घ्या. तो निवृत्त होण्यापूर्वी घ्या.