पॅकेज किती, यापेक्षा हप्ता किती?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘करिअर’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, समुपदेशक नाही. त्यामुळे उपदेश करत नाही, एक हिशेब मांडतो. तो मी गेल्या रमजानमध्ये आमच्या खालाच्या मुलीबरोबर बसून केला होता.

खाला सोलापूरला राहते. खालूंचा फळांचा गाडा आहे. मुलगी बी.कॉम. झाली आणि एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. हातात 22 हजार पडतात. तिला एमबीए करायचं आहे. पुण्यातल्या एका खासगी संस्थेने तिला प्रवेश देऊ केला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पीजीडीएम नावाचा. फी आणि वसतिगृह मिळून 10 लाख. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सरासरी पॅकेज साडेसात लाख’. ती म्हणाली, “भाईजान, दीड वर्षात फिटेल ना?” खालू सहकर्जदार म्हणून सही करायला तयार होते. जागा पक्की करायला चार दिवस उरले होते.

आधी सरासरीचं बघू. दहा मुलं आहेत. नऊ जणांना 5 लाखांची नोकरी लागली, एकाला 30 लाखांची. एकूण 75 लाख, सरासरी साडेसात लाख. आकडा खरा आहे, पण दहापैकी एकालाही साडेसात लाख मिळालेले नाहीत! म्हणून सरासरी विचारू नका, मध्यक विचारा. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो मध्यक. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, हे द्यावं लागतं. ते सगळ्यांना पाहता येतं. संस्था त्यात नसेल, तर मागच्या दोन बॅचमधल्या पाच-सहा जणांना स्वतः फोन करा. कॉलेजने दिलेल्या नंबरांवर नको, तुम्ही शोधलेल्या नंबरांवर करा.

दुसरी गोष्ट, पॅकेज म्हणजे पगार नव्हे. 7 लाखांच्या पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारा बोनस असं सगळं धरलेलं असतं. ते वजा केलं की महिन्याला हातात 47 हजारांच्या आसपास येतात. पॅकेज 5 लाखांचं असेल तर साधारण 34 हजार.

आता कर्ज. व्याज 10 टक्के धरू. पहिल्या वर्षी 5 लाख उचलले, दुसऱ्या वर्षी 5 लाख. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता भरायचा नसतो, म्हणून लोकांना वाटतं की तेवढे दिवस व्याजही नसतं. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. तीन वर्षांत ते सरळव्याजाने अडीच लाख होतं आणि मुद्दलात मिसळतं. हप्ता सुरू होताना कर्ज साडेबारा लाख असतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता महिना साडेसोळा हजार. शेवटपर्यंत भरत गेलात तर 10 लाखांचे जवळजवळ 20 लाख जातात.

शिवाय नोकरी सोडल्यामुळे दोन वर्षांचा पगार बुडतो. 22 हजार गुणिले 24, म्हणजे सव्वापाच लाख. हा खर्च कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

मी तिला विचारलं, “एमबीए केलंच नाहीस तर तीन वर्षांनी किती मिळतील?” ती म्हणाली, “टॅली आणि जीएसटीचं काम येतं, 30 हजार तरी मिळतील.” मग वजाबाकी केली. एमबीएनंतर 47 हजार, त्याशिवाय 30 हजार. फरक 17 हजारांचा, हप्ता साडेसोळा हजारांचा. हातात उरले पाचशे रुपये! सोलापुरात ती घरी राहते, पुण्यात खोलीचं भाडं वेगळं. आणि नोकरी 5 लाखांची लागली, तर डिग्री घेऊन ती आजच्यापेक्षा अडचणीत येणार.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हिशेब एकांगी होईल. पगार वाढत जातो, हप्ता साधारण तेवढाच राहतो. पाच-सात वर्षांनी एमबीए झालेला माणूस पुढे निघून जाऊ शकतो. आयआयएमसारख्या ठिकाणी फी 20 लाखांवर असूनही हा हिशेब बहुतेकांचा जुळतो. म्हणून ‘एमबीए करू नका’ असं मी म्हणत नाही. कुठून, किती पैशांत आणि कुणाच्या सहीवर करता, ते बघा.

सहीचं का म्हणतो, ते स्वतःवरून सांगतो. माझं इंजिनिअरिंग कर्जावर झालं. अब्बा सहकर्जदार होते. पास झाल्यावर सात महिने नोकरी नव्हती. नंतर लागली ती लहान, आणि माझे तीन हप्ते चुकले. मला वाटलं, आपलं आपण बघून घेऊ, घरी कशाला सांगायचं? दोन वर्षांनी अब्बा दुकानासाठी कर्ज मागायला गेले. बँकेने नाकारलं, कारण माझ्या चुकलेल्या हप्त्यांनी त्यांचाही सिबिल स्कोअर खाली आला होता. त्यांनी आयुष्यात कुणाचे पाच रुपये बुडवले नव्हते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. म्हणून सांगतो, तुमच्या कर्जाची जोखीम तुमच्या एकट्याची नसते. खालूंनी सही केली असती, तर तो गाडाही त्या कर्जात अडकला असता.

इथे दोघांनी व्याजाबद्दल विचारलं आहे. व्याज घ्यावं-द्यावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. त्यावर निकाल देणारा मी कोण? पण बँक नको म्हणून अम्मीचे दागिने किंवा गावची जमीन विकली, तर तो पैसा फुकटचा होत नाही. नातेवाइकांकडून बिनव्याजी कर्ज-ए-हसना मिळालं, तरी ते फेडायचंच असतं. व्याजाचा रकाना रिकामा ठेवा, बाकी हिशेब तोच.

आणखी एक गोष्ट आपल्याला धरावी लागते. 2007 मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. हे ऐकून खचू नका, पण हिशेबात थोडी जागा सोडा. नोकरी लागायला सहा महिने जास्त लागले, तर हप्ता कोण भरेल? याचं उत्तर कर्ज घेण्याआधी तयार हवं.

आता वाटा सांगतो. महाराष्ट्रात एमबीएसाठी सीईटी असते आणि त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचं पुम्बा इथे त्यातूनच प्रवेश होतात. फीसवलतीच्या सरकारी योजनाही कॅपमधून प्रवेश घेतला तरच लागू होतात. त्याच कॉलेजात संस्था स्तरावरच्या कोट्यातून गेलात, तर सवलत नाही. राज्य सरकारने 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी असे आपल्यातले कितीतरी ओबीसी यादीत आहेत, पण कागदपत्रं नसतात. जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, हे प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात मिळत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच मागे लागा.

कर्ज घ्यायचंच झालं तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला मात्र ती नाही. आपल्या राज्यातल्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची कमी व्याजाची शैक्षणिक कर्ज योजनाही आहे, तिथे चौकशी करा. काही बँका मुलींना व्याजात सवलत देतात, तीही मागा. आणि शिकत असतानाच दरमहा व्याज भरता आलं तर भरा. 5 लाखांवर 10 टक्क्यांनी ते महिन्याला सव्वाचार हजारांच्या आत बसतं. बऱ्याच बँका त्यासाठीही दरात सवलत देतात.

‘आज पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ या फोनला घाबरू नका. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेतला प्रवेश अभ्यासक्रम सुरू होण्याआधी रद्द केला, तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते.

खालाच्या मुलीने तो प्रवेश घेतला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. खालूंच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा, जातीच्या रकान्यात ‘बागवान’ लिहिलेला. खाली तिने विचारलं होतं, “भाईजान, वैधतेला एवढा पुरे का?” सध्या ती नोकरी करते आणि रात्री सीईटीचा अभ्यास करते. मार्क किती पडतील आणि कुठे नंबर लागेल, हे मी आज सांगू शकत नाही. पण खालूंच्या डोक्यावर आज कुणाचं कर्ज नाही.

घरी गेल्यावर एक कागद घ्या. एका बाजूला शिकून मिळणारा पगार लिहा, दुसऱ्या बाजूला न शिकता मिळणारा. खाली हप्ता, बुडणारा पगार आणि सही करणाऱ्याचं नाव लिहा. तो कागद सही करणाऱ्याला वाचून दाखवा. त्यानंतर दोघांनी मिळून जे ठरवाल, ते करा.