दगडी खलबत्ता



अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या आपल्या सुपारीच्या मुलुखात, दात गेलेल्या आजोबांचा विडा कुटणारा चिमुकला खलबत्ता अद्यापि आढळतो;
स्वयंपाकाकरिता मात्र जड, घट्ट कणांचा काळा दगडच पसंत करावा.

नव्या खलाचा तळ ओल्या बोटाने चोळावा.
करडी भुकटी लागली, तर खल अजून तयार नाही.

मग भिजवलेले तांदूळ घोटावेत, टाकावेत, पुन्हा घोटावेत;
पीठ पांढरेशुभ्र निघेपर्यंत हा क्रम चालवून, शेवटी लसूण व जाडे मीठ कुटून तेही टाकून द्यावे.

धुताना साबण वर्ज्य, कारण दगडाची सूक्ष्म छिद्रे त्याचा वास धरून ठेवतात.
पाणी आणि नारळाचा काथ्या पुरे.
पुन्हा सांगतो, साबण नको.

पावसाळ्यात खल चुलीजवळ सुकवण्याची तजवीज करावी;
ओला खल पालथा घालू नये.