धाक की आधार?



शिवसेनेने मुंबईवर पकड बसविली ती धाकाने की पाठिंब्याने? आम्ही लाल बावट्याची माणसे. ‘धाकाने’ हे उत्तर आम्हांला सोपे, आणि ते खोटेही नाही. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील आमच्या युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पण त्याच वर्षी पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या आणि निवडून आले सेनेचे वामनराव महाडिक. मतदान गुप्त होते. सारी मते भीतीने पडली म्हणणे म्हणजे गिरणगावच्या कामगाराला भित्रा ठरविणे होय.

धाकाने विरोधक गप्प बसतो; मत मिळवायला मात्र उपयोगी पडावे लागते. शाखेत नळाची तक्रार ऐकली जाई, नोकरीसाठी शब्द टाकला जाई, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका मिळे. आमची संघटना गिरणीच्या दरवाजाशी थांबली. चाळीत ती पोचली नाही. १९८५ साली महापालिका सेनेच्या हाती गेली, ती या दोन्हींच्या बळावर.

हल्ल्यांचा निषेध आम्ही केला, तो योग्यच होता. पण चाळीतली ती रिकामी जागा आमची होती, हे आज आपल्यासमोर कबूल केले पाहिजे.